मागणें आणि मिळणें

घरांतील एखाद्या जिवलग माणसाला कर्करोगासारखा दुर्धर रोग जडला, म्हणजे त्या घरांतून दोन हांका एकाच वेळीं निघतात. एक हांक वैद्याला असते आणि दुसरी देवाला. वैद्याला काय विचारावें हें माणसाला ठाऊक असतें: रोग कोठवर गेला आहे, उपाय कोणता, गुण किती दिवसांत येईल. देवाजवळ काय मागावें हें ठरविणें मात्र वाटतें तितकें सोपें नाहीं. 'बरें कर' एवढेंच मागावें, कीं 'सोसण्याचें बळ दे' असें मागावें? मागितलें तें मिळालें तर त्याचा अर्थ काय समजावा? आणि मिळालें नाहीं, तर मागणाऱ्याच्या श्रद्धेंत कांहीं उणें होतें असें मानावें काय? कोणत्याहि धर्मांतील भाविक कुटुंबाला कधीं ना कधीं या प्रश्नांसमोर उभें राहावें लागतें. ख्रिस्ती कुटुंबांत प्रार्थना हा नित्याच्या जीवनाचा भाग असल्यामुळें तेथें हे प्रश्न विशेष तीव्रतेनें जाणवतात.

या प्रश्नांचें उत्तर एका ख्रिस्ती लेखकाला आयुष्यांत तीन वेळां शोधावें लागलें: नऊ वर्षांचा मुलगा असतांना, चाळिशी ओलांडलेला अध्यापक असतांना आणि साठीच्या घरांत आलेला पति असतांना. क्लाइव्ह स्टेपल्स लुइस हें त्यांचें नांव. नार्निया नांवाच्या काल्पनिक देशाच्या त्यांच्या सात गोष्टी १९५० ते १९५६ या काळांत प्रसिद्ध झाल्या, आणि इंग्रजी वाचणाऱ्या आपल्याकडील मुलांनाहि त्या परिचित आहेत. रेडिओच्या श्रोत्यांना तर लुइस आपल्यांतलेच वाटावेत. कारण दुसरें महायुद्ध चालू असतांना, १९४१ पासून १९४४ पर्यंत, बी. बी. सी. वरून त्यांनीं ख्रिस्ती धर्माविषयीं सामान्य माणसाला समजतील अशीं भाषणें केलीं. त्यांचाच संग्रह पुढें १९५२ सालीं 'मिअर ख्रिश्चॅनिटी' या नांवानें प्रसिद्ध झाला. परंतु लोकांना धर्म समजावून सांगणाऱ्या या माणसाची खरी परीक्षा व्यासपीठावर झाली नाहीं. ती आजाऱ्याच्या खाटेजवळ झाली.

लुइस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजीं आयर्लंडांतील बेलफास्ट शहरीं झाला. वडील आल्बर्ट हे वकिली करीत. आई फ्लोरा ही एका धर्मोपदेशकाची मुलगी. स्त्रियांनीं पदवी घेणें दुर्मिळ होतें अशा काळांत तिनें गणितांत पदवी मिळविली होती. वॉरन आणि क्लाइव्ह असे दोन मुलगे. थोरला वॉरन इंग्लंडांत शाळेला होता, धाकटा घरीं. १९०८ च्या आरंभीं आईला पोटांत कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें, आणि फेब्रुवारींत तिच्यावर राहत्या घरींच शस्त्रक्रिया करण्यांत आली.

धाकट्याला आईचा आजार कळला तो असा. एका रात्रीं त्याचें डोकें दुखत होतें, दाढ ठणकत होती, तो रडत होता, आणि नेहमींप्रमाणें आई जवळ येत नव्हती. ती येऊं शकत नव्हती. तिच्याच खोलींत डॉक्टर जमले होते. शेवटीं डोळ्यांत आसवें आणून वडील त्याच्या खोलींत आले, आणि त्या भेदरलेल्या मुलाला त्याच्या कल्पनेंतहि कधीं न आलेली गोष्ट समजावून सांगूं लागले. त्यानंतर तें घर पहिलें राहिलें नाहीं. अनोळखी वास, अपरात्रींचे आवाज आणि दबलेल्या स्वरांतलें बोलणें यांनीं तें भरून गेलें.

विश्वासानें केलेली प्रार्थना फळास येते, असें त्या मुलाला शिकविलेलें होतें. म्हणून त्यानें आई बरी व्हावी अशी प्रार्थना केली. आणि ती फळास येणारच असा विश्वास, मनावर जोर करून, आपल्या ठिकाणीं उत्पन्न केला. २३ ऑगस्ट १९०८ रोजीं आई वारली. तो दिवस वडिलांच्या वाढदिवसाचा होता. तरीहि मुलानें प्रार्थना सोडली नाहीं. आतां चमत्कार होऊन आई परत येईल असें तो मानूं लागला. तसेंहि झालें नाहीं.

पुढें १९५५ सालीं लिहिलेल्या 'सरप्राइझ्ड बाय जॉय' या आत्मचरित्रांत लुइस यांनीं या बालपणच्या प्रार्थनेची मोठी परखड चिकित्सा केली आहे. त्या मुलाच्या मनांत देवाविषयीं प्रेम नव्हतें, आदर नव्हता, भीतीहि नव्हती. देव म्हणजे त्याच्या लेखीं एक जादूगार होता. त्यानें यावें, काम करावें आणि निघून जावें, म्हणजे घर पूर्ववत् चालू होईल! आपल्याकडे नवस बोलतांना पुष्कळदां जो सौदा होतो, त्याच जातीची ही अपेक्षा होती. सौदा फसला, तेव्हां मुलाला देवाचा रागहि आला नाहीं. एक उपाय करून पाहिला, तो चालला नाहीं, एवढेंच त्याला वाटलें.

त्या घराची खरी हानि निराळ्याच ठिकाणीं झाली. काळजीनें आणि दुःखानें वडिलांचा स्वभाव बिघडला. ते वाटेल तें बोलूं लागले, मुलांशीं अन्यायानें वागूं लागले. दोघे भाऊ एकमेकांना अधिकच बिलगले, पण वडिलांपासून दुरावले. आणि आईच्या मृत्यूनंतर महिनाभरांतच धाकट्याचीहि रवानगी इंग्लंडांतील शाळेंत झाली. आईचें आजारपण संपतांना मुलांनीं वडीलहि गमावले. घरांत प्रार्थना होती, पण एकमेकांशीं दुःख बोलण्याची वाट नव्हती.

शाळेच्या दिवसांतच लुइस नास्तिक झाले. पहिल्या महायुद्धांत ते फ्रान्समध्यें लढले आणि १९१८ सालीं जखमी झाले. १९२५ पासून ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवूं लागले. तेथें दीर्घ मनोमंथनानंतर त्यांना ईश्वराचें अस्तित्व पटलें, आणि १९३१ च्या सप्टेंबरांत, टोल्किन आणि डायसन या दोन मित्रांशीं रात्रीं उशिरांपर्यंत झालेल्या संभाषणानंतर, थोड्याच दिवसांत त्यांनीं ख्रिस्ती धर्माचा पुन्हां स्वीकार केला. १९४० सालीं त्यांनीं 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' हा ग्रंथ लिहिला. देव दयाळू आणि सर्वशक्तिमान् असेल तर जगांत दुःख कां, हा त्याचा विषय. सुखांत मनुष्य आपणास पुरेसा समजतो. दुःख त्याची ती समजूत मोडतें आणि त्याचें तोंड देवाकडे वळवितें, हा त्या विवेचनाचा एक प्रमुख धागा आहे. युक्तिवाद नीट रचलेला आहे, भाषा स्वच्छ आहे. मात्र प्रस्तावनेंत लेखकानें एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली आहे: दुःखाविषयींची बौद्धिक अडचण सोडविणें एवढाच या पुस्तकाचा हेतु आहे, प्रत्यक्ष दुःख सोसावयाचें झालें म्हणजे ग्रंथभर ज्ञानापेक्षां थोडें धैर्य आणि थोडी माणुसकी अधिक उपयोगीं पडते. सोळा वर्षांनीं या वाक्याचा अनुभव खुद्द लेखकालाच घ्यावा लागला.

जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिका होत्या. १९१५ सालीं न्यूयॉर्कमधील एका यहुदी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. तरुणपणीं त्या निरीश्वरवादी आणि साम्यवादी होत्या. पुढें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लुइस यांची पुस्तकें वाचून १९५० सालीं त्यांनीं पत्रव्यवहार सुरू केला आणि १९५२ सालीं दोघांची पहिली भेट झाली. त्यांचा पहिला संसार मोडला, आणि डेव्हिड व डग्लस या दोन मुलांना घेऊन त्या १९५३ च्या अखेरीस इंग्लंडांत राहावयास आल्या. त्यांना त्या देशांत राहतां यावें म्हणून लुइस यांनीं २३ एप्रिल १९५६ रोजीं ऑक्सफर्डच्या सरकारी कचेरींत त्यांच्याशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. तो विवाह लुइस यांच्या मनानें केवळ कागदावरचा होता. बिऱ्हाडें निराळींच राहिलीं.

त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत टेलिफोन घेण्यास जात असतां जॉयबाई अडखळून पडल्या आणि मांडीचें हाड मोडलें. क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतलें, तेव्हां हाड रोगानें पोखरलेलें दिसलें. रोगाचें मूळ स्तनांत होतें, आणि तेथून तो हाडांत पसरला होता. वय अवघें एक्केचाळीस. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या: स्तनांतील गांठ काढली, मांडीच्या हाडाचा रोगट भाग काढला, आणि बीजकोशहि काढून टाकण्यांत आले. मग किरणोपचार सुरू झाले. मृत्यूची छाया पडल्यावर लुइस यांना कळून चुकलें कीं, जिला आपण मैत्रीण म्हणत होतों, ती आपली पत्नीच आहे.

लुइस यांना हा विवाह आतां धर्मविधीनें व्हावयास हवा होता. पण जॉयबाई घटस्फोटित होत्या, त्यांचे पहिले पति हयात होते, आणि अशा विवाहाला इंग्लंडच्या चर्चची त्या वेळीं मान्यता नव्हती. ऑक्सफर्डच्या बिशपांनीं नकार दिला. अखेर पीटर बाइड नांवाचे धर्मगुरु आले. ते लुइस यांचे जुने विद्यार्थी. आजाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून ते प्रार्थना करीत, आणि त्या प्रार्थनेचा गुण येतो असा लौकिक होता. त्याच कामासाठीं त्यांना बोलाविलें होतें. लुइस यांनीं विवाहाविषयीं विचारतां त्यांनीं आपल्या विवेकबुद्धीचा कौल घेतला, आणि २१ मार्च १९५७ रोजीं चर्चिल रुग्णालयांत, रुग्णशय्येवरच, दोघांचा विवाह लावला. लुइस यांचे बंधु वॉरन आणि एक परिचारिका एवढींच माणसें हजर होतीं. आजारांत आणि आरोग्यांत, मृत्यु ताटातूट करीपर्यंत, साथ देण्याची प्रतिज्ञा ख्रिस्ती विवाहांत करावी लागते. बहुतेक जोडपीं ती करतात तेव्हां आजार आणि मृत्यु हे शब्द दूरचे असतात. येथें ते खाटेच्या दोन्ही बाजूंना उभे होते.

एप्रिलांत जॉयबाईंना 'द किल्न्स' या लुइस यांच्या घरीं आणलें. डॉक्टरांच्या अपेक्षेप्रमाणें त्या मरणासाठीं घरीं आल्या होत्या. रात्रंदिवस शुश्रूषा सुरू झाली. त्या वेळीं लुइस हे केंब्रिजला प्राध्यापक होते. सत्र चालू असलें म्हणजे त्यांना आठवड्याचे दिवस तेथें काढावे लागत आणि मग ते ऑक्सफर्डला परतत. घरांत अविवाहित थोरले भाऊ वॉरन होते. सैन्यांतून निवृत्त झालेले, फ्रान्सच्या इतिहासाचे व्यासंगी. नवी वहिनी आल्यावर आपणास निराळें बिऱ्हाड करावें लागेल, अशी त्यांना धास्ती होती. लुइस आणि जॉयबाई या दोघांनींहि ती कल्पना मोडून काढली. थोड्याच दिवसांत वॉरन यांना या वहिनीचा एवढा लळा लागला कीं, आपल्या रोजनिशींत त्यांनीं तिच्याविषयीं मोठ्या ममतेनें लिहून ठेविलें आहे.

दोन मुलें होतीं. एक तेरा वर्षांचा, दुसरा अकरा वर्षांचा. आई गेली तर मुलांना आपल्याकडे नेऊं, असें त्यांच्या वडिलांचें अमेरिकेहून पत्र आलें. आजारी आईला त्यामुळें जो धक्का बसला, तो पाहून लुइस यांनीं निश्चयपूर्वक उलट पत्रें लिहिलीं आणि मुलें ऑक्सफर्डलाच राहतील असें केलें. धाकटा डग्लस एकटाच जवळच्या चर्चमध्यें जाऊन आईसाठीं प्रार्थना करून आला, असें त्यानेंच पुढें आपल्या आठवणींत सांगितलें आहे. बेलफास्टमधील मुलाच्या प्रार्थनेनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीं त्याच रोगासाठीं दुसऱ्या एका मुलानें केलेली ही प्रार्थना होती. १९९३ सालीं या कथेवर 'शॅडोलँड्स' हा चित्रपट निघाला. 'गांधी' चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांनींच तो दिग्दर्शित केला. त्यांत एकच मुलगा दाखविला आहे, ही गोष्ट तो पाहणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावी.

मग अनपेक्षित घडलें. रोगाची वाढ थांबली. पोखरलेलें हाड भरून येऊं लागलें. वर्ष संपण्याच्या सुमारास जॉयबाई काठीच्या आधारानें चालूं लागल्या. एक पाय आंखूड राहिला, तरी त्यांनीं घराची डागडुजी काढली, भिंतींना रंग दिला, आणि अक्षरें जुळविण्याच्या स्क्रॅबल या खेळांत, कोणत्याहि भाषेंतील शब्द चालेल असा नियम करून, नवऱ्याशीं सामने मांडले. १९५८ च्या जुलैत दोघें विमानानें आयर्लंडला जाऊन आलीं. जहाजाच्या हेलकाव्यांत नाजूक हाडाला धोका होता, म्हणून विमान. लुइस यांचा तो पहिलाच विमानप्रवास.

मराठी घरांतील श्रोत्याला येथें सावित्रीची कथा आठवल्याशिवाय राहणार नाहीं. आणखी एक कथाहि आठवेल. मुलगा हुमायून आजारी पडला तेव्हां बाबरानें त्याच्या शय्येभोंवतीं प्रदक्षिणा घालून त्याचा आजार आपणावर यावा अशी प्रार्थना केली, असें परंपरा सांगते. लुइस यांनींहि पत्नीचें दुखणें आपणास मिळावें असें मागितलें होतें, असें त्यांच्या एका मित्रानें नमूद केलें आहे. आणि खरोखरच १९५७ सालीं लुइस यांच्या हाडांतील चुना कमी होऊन त्यांना असह्य वेदना होऊं लागल्या, कमरेला पट्टा बांधावा लागला. पत्नीच्या हाडांत भर पडत असतां आपल्या हाडांतून तूट येत आहे, या योगायोगाची नोंद त्यांनीं पत्रांत केली आहे.

अशा वेळीं एखादा भाविक लेखक 'पाहा प्रार्थनेचा प्रभाव!' असा डंका पिटून मोकळा झाला असता. लुइस यांनीं तसें केलें नाहीं, आणि यांतच त्यांची योग्यता आहे. १९५९ च्या जानेवारींत अमेरिकेंतील 'अटलांटिक मंथली' मासिकांत त्यांचा प्रार्थनेच्या परिणामाविषयींचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत, पत्नीचें नांव न घेतां, त्यांनीं ही हकीकत दिली आहे: मांडीचें हाड रोगानें खाल्लेली एक स्त्री, तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करणारा एक सत्पुरुष, वर्षभरानें तिचें चालणें, आणि क्ष-किरण चित्र पाहणाऱ्या माणसाचा विस्मय. आणि लगेच ते म्हणतात कीं, यावरून शास्त्रीय अर्थानें कांहींहि सिद्ध होत नाहीं.

हें म्हणणें वैद्यकाच्या दृष्टीनेंहि रास्त आहे. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनीं १८९६ सालींच दाखवून दिलें होतें कीं, बीजकोश काढले असतां स्तनाचा पसरलेला कर्करोग कांहीं स्त्रियांत मागें हटतो. याचें कारण पुढें कळलें: अशा कित्येक गांठींचें पोषण बीजकोशांतून स्रवणाऱ्या ईस्ट्रोजेन या द्रव्यावर होत असतें. तो पुरवठा तोडला कीं रोग कांहीं काळ उपाशी पडतो. १९७० नंतर प्रचारांत आलेलें टॅमॉक्सिफेन हें औषध, शस्त्राशिवाय, त्याच तत्त्वावर काम करतें. जॉयबाईंचे बीजकोश काढलेले होते, किरणोपचारहि झाले होते. तेव्हां त्यांना आलेला आराम वैद्यकाच्या चौकटींत बसूं शकतो. श्रद्धावान् माणसाला त्यांत देवाचा हात दिसला, तर त्यासाठीं शल्यचिकित्सकाचा हात नाकारण्याची गरज नाहीं. लुइस कुटुंबानें उपचार आणि प्रार्थना यांत कधीं वांकडें येऊं दिलें नाहीं.

निबंधाचा गाभा पुढें आहे. प्रार्थना म्हणजे मागणें, आणि मागण्याचें स्वरूपच असें कीं, तें मान्य होईल किंवा होणार नाहीं. ज्याचें फळ हटकून मिळतें ती जादू झाली. शेजाऱ्याजवळ आपण कांहीं मागतों तेव्हां त्याच्यावर कळ दाबीत नाहीं. तो आपणास ओळखतो, त्याला स्वतःची इच्छा आहे, हें गृहीत धरूनच मागतों. म्हणून एका रुग्णालयांतील आजाऱ्यांसाठीं प्रार्थना करावी, दुसऱ्यांतील आजाऱ्यांसाठीं करूं नये, आणि कोठें किती बरे झाले तें मोजावें, असा प्रयोग लुइस यांना निरर्थक वाटतो. कारण प्रयोगासाठीं केलेली ती प्रार्थनाच नव्हे. आणि ख्रिस्ती माणसापुढें तर सर्वांत मोठा दाखला उभा आहे. गेथशेमाने बागेंत, अटकेच्या आदल्या घटकेला, प्रत्यक्ष येशू ख्रिस्तानें दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदां प्रार्थना केली, आणि तो टळला नाहीं. ज्याच्या श्रद्धेंत उणें काढण्याची कोणा ख्रिस्ती माणसाची छाती होणार नाहीं, त्याचेंहि मागणें अमान्य झालें. ज्यांच्या घरीं आजारी माणूस बरें झालें नाहीं, त्यांना 'तुमचा विश्वास कमी पडला' असें सांगणाऱ्यांनीं या प्रसंगाचा शांतपणें विचार करावा.

हें सर्व लिहिलें गेलें तें घरांत सुख नांदत असतांना. १९५९ च्या ऑक्टोबरांत नेहमींच्या तपासणींत रोग परत आल्याचें दिसलें. ग्रीस देश पाहावा ही जॉयबाईंची जुनी इच्छा होती, आणि प्रवासाची व्यवस्था आधींच झाली होती. जावें कीं न जावें? त्यांनीं जाण्याचें ठरविलें. १९६० च्या एप्रिलांत, एका स्नेही दांपत्यासह, वेदना सोशीत त्यांनीं अथेन्स, मायसिनी, र्‍होड्स आणि क्रीट हीं स्थळें पाहिलीं. परतल्यावर मे महिन्यांत पुन्हां शस्त्रक्रिया झाली. १३ जुलै १९६० रोजीं पहाटे असह्य वेदना सुरू झाल्या, त्यांना रॅडक्लिफ रुग्णालयांत नेलें, आणि त्याच रात्रीं त्यांचें देहावसान झालें. आपला देवाशीं समेट झाला आहे, असें त्यांनीं शेवटीं धर्मगुरूंना सांगितलें.

यानंतर लुइस यांनीं घरांत सांपडलेल्या वह्यांत आपल्या मनःस्थितीच्या नोंदी केल्या. 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' या नांवानें त्या १९६१ सालीं प्रसिद्ध झाल्या. लेखक म्हणून एन. डब्ल्यू. क्लार्क असें टोपणनांव घातलें होतें. लुइस यांचें खरें नांव त्या पुस्तकावर आलें तें २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं त्यांचा मृत्यु झाल्यानंतर. दुःखाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा माणूस या वह्यांत देवावर उघड उघड रागावलेला दिसतो. गरज सर्वांत मोठी असतां देवाचें दार बंद कां? रोग हटल्याच्या प्रत्येक आनंदामागें पुढच्या यातनांचीच तयारी चालली होती काय? असे प्रश्न त्यांनीं लपविले नाहींत. तें दार आपल्याच आक्रोशानें बंद झालें असावें, बुडणारा माणूस वांचविणाऱ्यालाच कवटाळतो तसें झालें असावें, असें त्यांना पुढें हळूहळू वाटूं लागलें. मात्र त्यांना कोणतेंहि तयार उत्तर मिळालें नाहीं. परत आली ती प्रार्थना करण्याची शक्ति.

या वह्यांतील दोन नोंदी प्रत्येक कुटुंबानें मनांत ठेवाव्यात अशा आहेत. पहिली मुलांविषयीं. आईचें नांव काढलें कीं मुलांच्या चेहऱ्यावर दुःखाऐवजीं संकोच दिसे. जणूं लुइस यांनीं कांहीं अनुचित शब्द उच्चारला असावा. मग त्यांना आठवलें कीं, १९०८ सालीं आपले वडील आईविषयीं बोलूं लागले म्हणजे आपणासहि अगदीं असेंच होत असे. मुलांचा हा अबोला म्हणजे निष्ठुरपणा नव्हे, हें वडील आल्बर्ट यांना कोणी सांगितलें नव्हतें. मुलगा क्लाइव्ह मात्र तें स्वतःच्या अनुभवानें जाणून होता, म्हणून सावत्र मुलांना दोष देऊन तो त्यांच्यापासून दुरावला नाहीं.

दुसरी नोंद आजारपणाच्या दिवसांविषयींची. कर्करोग हा शब्द दुरून जेवढा अक्राळविक्राळ दिसतो, तेवढा तो एकदम कोणाच्याहि वाट्याला येत नाहीं. वाट्याला येतो तो एकेक तास. कांहीं तास भयंकर असतात, पण सर्वच नसतात. बरें होण्याची आशा संपल्यानंतरहि त्या दोघांनीं एकत्र हंसत घालविलेल्या वेळांची, आणि शेवटच्या रात्रीं शांतपणें केलेल्या दीर्घ संभाषणाची, लुइस यांनीं कृतज्ञतेनें आठवण ठेविली आहे.

बेलफास्टच्या घरीं आणि ऑक्सफर्डच्या घरीं प्रार्थना झाली, उपचार झाले, आणि दोन्ही घरीं शेवटीं मृत्यूच आला. फलाच्या हिशेबानें पाहिलें तर दोन्ही घरें सारखींच हरलीं. पण पहिलें घर मोडलें, दुसरें टिकलें. दुसऱ्या घरांत रोगाचें नांव घेतलें जात होतें, मरणाविषयीं बोललें जात होतें, थोरल्या दिराला आणि पोरक्या मुलांना आपापली जागा होती, आणि देवावर रागावण्याचीहि मोकळीक होती. तेथें श्रद्धा म्हणजे रोग बरा करण्याचें साधन नव्हती. जें मिळेल तें एकत्र घेण्याची ती तयारी होती. आजाऱ्याच्या उशाशीं बसून 'बरें कर' असें मागावयास कोणीहि कचरूं नये. तें मागणें माणसाला शोभणारेंच आहे. मागून झालें म्हणजे मात्र उठून औषधाची वेळ पाहावी, मुलांना जेवावयास बोलवावें, आणि आजाऱ्याला त्या दिवशीं काय बोलावयाचें आहे तें ऐकून घ्यावें.